एका एन्झाइमचा माग

मेंदूच्या गाठींचं निदान करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टची आणि रुग्णाची सहसा भेट होत नाही. आमच्यापर्यंत पोचतो तो गाठीचा तुकडा. ऑपरेशन चालू असतानाच थिएटरमधून मामा एक लहानशी डबी घेऊन येतात. आत ओल्या गॉझवर करड्या-गुलाबी रंगाचे दोन-चार लिबलिबीत कण असतात. त्यातला एक कण दोन काचांमध्ये दाबून ओढायचा, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली पाहून सर्जनला फोन करायचा. याला आम्ही स्क्वॉश म्हणतो. कवटी उघडी असते, भूल चालू असते, त्यामुळे उत्तर काही मिनिटांत हवं असतं. तेवढ्यात फक्त ढोबळ सांगता येतं: ग्लायोमा दिसतोय, की लिम्फोमा, की क्षयाची गाठ. उरलेले तुकडे फॉर्मलिनमध्ये जातात आणि मग मेणात बसवले जातात. मेणाचा तो चौकोनी ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्याच्या तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकत्या काढून स्लाइडवर घेतल्या की खरं निदान सुरू होतं.

मुंबईत हे काम करताना माझी बरीच वर्षं गेली. या वर्षांत एका एन्झाइमने आधी आमच्या रिपोर्टचा मजकूर बदलला, मग गाठींची नावं बदलली आणि आता उपचारही बदलायला घेतले आहेत. हे सगळं माझ्या टेबलावरून गेलं, म्हणून लिहावंसं वाटलं.

मी शिकत होते तेव्हा ग्लायोमाचं निदान नजरेवर चालायचं. ग्लायोमा म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींची गाठ. पेशींना तंतू फुटलेले आणि केंद्रकं वेडीवाकडी असली तर ॲस्ट्रोसायटोमा. केंद्रक गोल आणि भोवती पांढरं वलय असलं तर ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. आणि थोडं हे, थोडं ते वाटलं तर ऑलिगोॲस्ट्रोसायटोमा, म्हणजे मिश्र. या तिसऱ्या नावाखाली सगळ्यांची अनिश्चितता मावायची. एकच स्लाइड दोन अनुभवी डॉक्टरांना दाखवली तर दोन नावं यायची, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असायचं. रुग्णाला रेडिएशन आत्ता द्यायचं की थांबायचं, हे मात्र त्या नावावर ठरायचं. त्या काळात काही रिपोर्टवर सही करताना जीव थाऱ्यावर नसे.

२००८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्लायोब्लास्टोमा या सर्वांत आक्रमक ग्लायोमाच्या २२ गाठी घेतल्या आणि त्यांतली वीस हजारांहून अधिक जनुकं वाचून काढली. त्यात एक अनपेक्षित नाव सापडलं: आयडीएच१, म्हणजे आयसोसायट्रेट डीहायड्रोजनेज. वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी क्रेब्ज चक्र पाठ करताना त्याच्या एका भावंडाची ओळख झालेली असते आणि परीक्षा संपली की ती पुसली जाते. कर्करोगाशी त्याचा संबंध असेल, हे कुणाच्या मनात नव्हतं. पुढच्याच वर्षी कळलं की ग्लायोब्लास्टोमात हा बदल थोड्याच जणांत असतो, पण हळू वाढणाऱ्या, ग्रेड २ आणि ३ च्या ग्लायोमांत तो ७० टक्क्यांहून अधिक गाठींत आढळतो. त्यातही बदल जवळजवळ एकाच जागी होता. आयडीएच१ ही ४१४ अमिनो आम्लांची साखळी. तिच्या १३२व्या जागी आर्जिनिन असायला हवं, तिथे बहुतेकदा हिस्टिडिन आलेलं होतं. कर्करोगात जनुकं कुठेही आणि कशीही मोडतात. इतक्या रुग्णांत नेमकं त्याच जागी आणि तसंच मोडलेलं दिसलं, तेव्हा त्या मोडण्यातून गाठीचा काहीतरी फायदा होत असणार, हे उघड होतं.

तो फायदा २००९ मध्ये 'नेचर'मधल्या एका शोधनिबंधाने दाखवला. निरोगी आयडीएच१ आयसोसायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटारेट बनवतं. बिघडलेलं एन्झाइम ते अल्फा-कीटोग्लुटारेटच उचलतं आणि त्याचं २-हायड्रॉक्सिग्लुटारेट करतं. लांबलचक नावामुळे सगळे त्याला टू-एचजी म्हणतात. निरोगी पेशीत हे रसायन नगण्य असतं, गाठीत ते साचत जातं. अल्फा-कीटोग्लुटारेटच्या आधाराने चालणारी इतर बरीच एन्झाइम्स पेशीत असतात. डीएनएवरच्या आणि डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या मिथाइल खुणा पुसण्याचं काम त्यांपैकी काहींकडे असतं. टू-एचजी त्यांच्या जागेत शिरून त्यांना अडवतं. खुणा पुसल्या जात नाहीत, साचत राहतात. पेशी परिपक्व व्हायला लागणारी जनुकं बंदच राहतात आणि ती अर्धवट वयात अडकून विभागत राहते.

म्हणजे इथे एन्झाइम रोखण्याचा उद्योग आधी गाठीनेच केलेला असतो. औषधाला करायचं असतं ते त्या रोखणाऱ्याला रोखणं. मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हे.

आमच्या प्रयोगशाळेपर्यंत ही गोष्ट पोचली ती जर्मनीतल्या हायडेलबर्गमुळे. तिथल्या आंद्रेआस फॉन डायमलिंग यांच्या गटाने केवळ या बिघडलेल्या आयडीएच१ला चिकटणारी एक अँटिबॉडी तयार केली. चकती स्लाइडवर घ्यायची, प्रेशर कुकरमध्ये उकळून प्रथिनं मोकळी करायची, अँटिबॉडी टाकायची, रंग चढवायचा. बदल असेल तर पेशी तपकिरी होते, नसेल तर निळी राहते. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात फॉर्मलिनमध्ये तुकडा कमी वेळ राहिला, जास्त राहिला, कुकरची शिट्टी पुढेमागे झाली, तरी रंग फसतो. आमचे सीनियर टेक्निशियन काका स्लाइड माझ्याकडे देण्याआधी स्वतः पाहतात, आणि पाहतात त्या रक्तवाहिन्या. गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती रुग्णाच्या निरोगी पेशींच्या असतात, त्या निळ्याच राहायला हव्यात. त्या तपकिरी दिसल्या की काका स्लाइड बाजूला ठेवतात आणि नवी चकती कापायला घेतात. कुणी सांगावं लागत नाही.

या रंगाने मला एक गोष्ट डोळ्यांनी दाखवली जी पुस्तकात मी कितीदा तरी वाचलेली होती. सर्जन कधीकधी गाठीच्या कडेपलीकडचा, एमआरआयवर साफ दिसणारा एखादा तुकडा पाठवतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात तिथे सगळं ठीक वाटतं. आयडीएचचा रंग चढवला की निळ्या मज्जापेशींच्या मधून एकेकटी तपकिरी पेशी दिसू लागते. इथे एक, तिथे दोन, पुढे एखादीच. आंबेमोहोरात दुसरा तांदूळ मिसळला गेला तर तो हाताने निवडून काढता येत नाही, तसं. सर्जन कितीही निष्णात असले तरी अशी गाठ चाकूने पूर्ण निघत नाही, आणि औषधाची गरज का उरते, ते त्या स्लाइडवर दिसतं.

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने मेंदूच्या गाठींचं वर्गीकरण बदललं. ऑलिगोॲस्ट्रोसायटोमा हे नाव जवळजवळ निकालात निघालं. आता आयडीएच बदललेलं आणि गुणसूत्र १ व १९ चे ठरावीक भाग गळालेले असतील तरच ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. भाग शाबूत असतील तर ॲस्ट्रोसायटोमा. २०२१ मध्ये ग्लायोब्लास्टोमा हे नाव फक्त आयडीएच न बदललेल्या गाठींना ठेवलं. आयडीएच बदललेल्या रुग्णांचं आयुर्मान न बदललेल्यांपेक्षा खूपच चांगलं असतं, त्यामुळे ही केवळ नावांची उठाठेव नव्हती. पण तोवर माझ्यासाठी आयडीएच ही गाठीची ओळख होती. तिच्यावर गोळी येईल, असं काही मी मनाशी धरलेलं नव्हतं.

एन्झाइम रोखून मेंदूच्या गाठीवर इलाज करण्याची कल्पना तशी नवी नाही. मेंदूतल्या लिम्फोमाचा मुख्य उपचार म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते डायहायड्रोफोलेट रिडक्टेज हे एन्झाइम रोखतं, आणि डीएनए बनवायला लागणारं साहित्य पेशीला मिळेनासं होतं. या घराण्यातल्या औषधांचा उगम येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्यापर्यंत जातो. लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने फोलिक आम्लाशी साधर्म्य असणारी, पण त्याचं काम अडवणारी रसायनं तयार केली, आणि बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना त्यातलं अमिनोप्टेरिन दिलं. १९४८ साली ते प्रसिद्ध झालं. मेंदूत औषध सहज शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यात पेशींची घट्ट भिंत असते. त्यामुळे मेथोट्रेक्सेट प्रचंड डोसमध्ये द्यावं लागतं, आणि ठरलेल्या वेळाने फोलिनिक आम्ल देऊन बाकीचं शरीर वाचवावं लागतं. हे एन्झाइम शरीरातल्या प्रत्येक वाढत्या पेशीला लागतं, म्हणून एवढा खटाटोप. (इथे पॅथॉलॉजिस्ट म्हणून एक सांगते: लिम्फोमाची शंका असेल आणि रुग्णाची प्रकृती थांबू देत असेल, तर बायोप्सीआधी स्टेरॉइड देऊ नये. गाठ काही दिवसांपुरती विरघळते आणि आमच्या हाती नुसता मरगळलेला तुकडा येतो, ज्यावरून काहीच सांगता येत नाही.)

दुसरं उदाहरण जास्त बोचरं आहे. ग्लायोब्लास्टोमात रेडिएशनबरोबर टेमोझोलोमाइड देतात. २००५ मध्ये रॉजर स्टुप यांच्या चाचणीत त्यामुळे सरासरी आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं, आणि दोन वर्षं जगणारे १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. त्याच वेळी मोनिका हेगी यांनी दाखवलं की एमजीएमटी नावाचं एन्झाइम ज्यांच्या गाठीत बंद पडलेलं असतं, त्यांना हे औषध जास्त लागू पडतं. एमजीएमटी टेमोझोलोमाइडने केलेली इजा दुरुस्त करतं आणि त्या कामात स्वतः खर्ची पडतं. मग ते औषधानेच बंद पाडावं, हा विचार साहजिक होता. ओ६-बेंझिलग्वानिन या रसायनाने ते खरोखर बंद पडलंही. पण रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेलाही तेच एन्झाइम वाचवत असतं. मज्जा उघडी पडली, टेमोझोलोमाइडचा डोस खूप खाली आणावा लागला आणि फायदा हातचा गेला. एमजीएमटीचा रिपोर्ट मी आजही देते. तो वाचून डॉक्टर अंदाज बांधतात. ते एन्झाइम रोखायला मात्र त्यांच्या हाती काही नाही.

काइनेज जातीच्या एन्झाइम्सचा अनुभव दोन टोकांचा आहे. ग्लायोब्लास्टोमात ईजीएफआर हे काइनेज अनेकदा बेसुमार वाढलेलं असतं, पण फुप्फुसाच्या काही कर्करोगांत उत्तम चालणारं अर्लोटिनिब तिथे हरलं. एकाच गाठीत शेजारच्या दोन पेशी वेगळ्या असतात, हे तर आम्ही स्लाइडवर रोजच पाहतो. उलट ट्युबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारात मेंदूच्या पोकळीपाशी होणाऱ्या गाठींवर एव्हरोलिमस गुणकारी ठरलं. त्या आजारात एमटॉर हे काइनेज मोकाट सुटलेलं असतं आणि गाठ त्याच्याच जिवावर वाढते. चाचणीत ३५ टक्के रुग्णांची गाठ निम्म्याने किंवा त्याहून जास्त आटली; औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत एकाचीही नाही. इतक्या वर्षांच्या स्लाइडी आणि हे निकाल एकत्र ठेवून पाहते तेव्हा माझं मत पक्कं होतं. एन्झाइम गाठीत सापडलं एवढ्यावर ते रोखून उपयोग नाही. गाठ त्याच्यावर खरोखर विसंबून हवी, आणि ते रोखल्याचा भार निरोगी पेशींवर पडता कामा नये. बिघडलेलं आयडीएच दुसऱ्या अटीत चपखल बसतं, कारण ते गाठीच्या पेशींशिवाय कुठेच नसतं. पहिल्या अटीचं उत्तर अधिक गुंतागुंतीचं निघालं.

हे मला पुरतं उमगलं ते एका भावामुळे. मराठवाड्यातून आला होता. हातात कापडी पिशवी, पिशवीत बहिणीच्या स्लाइड्स आणि एमआरआयच्या फिल्म. बहीण चाळिशीतली, शाळेत शिक्षिका. वर्गात शिकवताना आकडी आली, तपासणीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये ग्रेड २ ग्लायोमा लिहून खाली 'आयडीएच निगेटिव्ह' म्हटलं होतं. या वयात, हळू वाढणारी गाठ आणि आयडीएच निगेटिव्ह, या जोडीचा अर्थ वाईट होतो. अशा काही गाठी वरून शांत दिसल्या तरी ग्लायोब्लास्टोमासारख्या वागतात. घरच्यांना तसं सांगितलं गेलं होतं आणि लगेच रेडिएशन व केमो घ्यायला सुचवलं होतं. एका ऑन्कॉलॉजिस्टने सुरुवात करण्याआधी स्लाइड्स पुन्हा पाहून घ्यायला माझ्याकडे धाडलं.

स्लाइड पाहिली आणि ते दोन शब्द पटेनात. गोल केंद्रकं, भोवती वलय, बारीक फाटे फुटलेल्या केशवाहिन्या, कॅल्शियमचे कण. डोळ्यांना ती ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा दिसत होती, आणि व्याख्येप्रमाणे ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा आयडीएच निगेटिव्ह असूच शकत नाही. खुलासा अँटिबॉडीत होता. ती फक्त १३२व्या जागी हिस्टिडिन आलेलं आयडीएच१ ओळखते. त्याच जागी दुसरं अमिनो आम्ल आलं, किंवा बिघाड आयडीएच२ या भावंड एन्झाइमात असला, तर तिला तो दिसत नाही. ग्लायोमातले दहातले नऊ बदल ती पकडते, दहावा सुटतो. रिपोर्टवर 'आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह' असं पूर्ण लिहून, तरुण रुग्णात जनुकाचं सिक्वेन्सिंग करून घ्यावं, अशी टीप द्यायला हवी होती. ती कुणी दिलेली नव्हती.

सिक्वेन्सिंगला ब्लॉक लागतो. मी भावाला ब्लॉक आणायला सांगितलं आणि त्याची फरफट सुरू झाली. जिथे तपासणी झाली होती त्या लॅबने स्लाइड्स दिल्यात ना, मग ब्लॉक कशाला, असं विचारलं. मग साहेब नाहीत, मग रजिस्टर सापडत नाही. तो प्रत्येक वेळी एसटीने यायचा-जायचा आणि मला फोन करून सांगायचा, "मॅडम, आजपण नाही म्हणाले. पण मी सोडत नाही." त्याने सोडलं नाहीच. ब्लॉक मिळाला, कोपरा तुटलेला, पण आत पुरेसं होतं. गुणसूत्रांचे भाग शाबूत आहेत का हे पाहणाऱ्या 'फिश' तपासणीत गुणसूत्र १ आणि १९ चे भाग गळालेले दिसले. सिक्वेन्सिंगमध्ये आयडीएच२च्या १७२व्या जागी आर्जिनिनऐवजी लायसिन निघालं. ग्रेड २ ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. या निदानाचे रुग्ण दहा वर्षांहून अधिक काळ जगताना आम्ही नेहमी पाहतो.

रिपोर्ट न्यायला आला तेव्हा त्याने बरंच वाचून ठेवलं होतं. म्हणाला, "मॅडम, हे एन्झाइम बंद करायची गोळी निघालीय म्हणतात. ताईने ती घेतली की गाठ मरेल ना?"

औषधं लिहून देणं माझं काम नाही, ते ऑन्कॉलॉजिस्टचं. पण प्रश्न जिवाचा होता आणि तो माझ्यासमोर बसला होता. जे ठाऊक होतं ते मी त्याला त्याच्या शब्दांत सांगितलं, इथे थोडं अधिक लिहिते.

गोळीचं नाव व्होरासिडेनिब. बिघडलेलं आयडीएच१ आणि आयडीएच२ दोन्ही ती रोखते, आणि मेंदूत शिरावी म्हणूनच तिची घडण झाली आहे. ऑपरेशनआधी ती देऊन मग काढलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा टू-एचजी ९० टक्क्यांहून अधिक घटलेलं आढळलं. म्हणजे गोळी जागेवर पोचते आणि काम करते, यात शंका नाही. मग गाठ मरते का? आधीच्या चाचण्यांतला एक आकडा इथे महत्त्वाचा आहे. एमआरआयमध्ये रंगद्रव्य शोषून न उजळणाऱ्या, म्हणजे अजून शांत असलेल्या गाठींत व्होरासिडेनिबवर रोग सरासरी ३६.८ महिने जागच्या जागी राहिला. उजळणाऱ्या, आक्रमक झालेल्या गाठींत जेमतेम ३.६ महिने. एन्झाइम तेच, गोळी तीच. उजळणारी गाठ पुढे निघून गेलेली असते. तोवर तिच्यात दुसऱ्या बिघाडांची भर पडून तिला त्या एन्झाइमची फारशी गरज उरत नाही, असं त्यावरून दिसतं.

म्हणून मुख्य चाचणी शांत गाठींवर घेतली गेली. इन्गो मेलिंगहॉफ यांच्या नेतृत्वाखालची ही 'इंडिगो' चाचणी २०२३च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाली. ग्रेड २ चे ३३१ रुग्ण, सरासरी वय चाळीस, ऑपरेशनखेरीज दुसरा कुठलाही उपचार न झालेले. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी. औषधाविना रोग सरासरी ११.१ महिन्यांत वाढला, औषधावर २७.७ महिन्यांत. औषध न घेणाऱ्यांची गाठ दर सहा महिन्यांनी सरासरी १३.९ टक्क्यांनी वाढत गेली, घेणाऱ्यांची २.५ टक्क्यांनी घटत. २०२४च्या ६ ऑगस्टला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बारा वर्षं व त्यापुढच्या रुग्णांसाठी तिला मंजुरी दिली. रोज एक गोळी, आणि यकृतावर लक्ष ठेवायला वरचेवर रक्ततपासणी, कारण दर दहातल्या जवळपास एकाच्या यकृताच्या एन्झाइम्समध्ये मोठी वाढ दिसली.

अडीच टक्क्यांची घट ऐकून भावाचा चेहरा पडला. त्याला गाठ गेलेली हवी होती. मी त्याला म्हटलं, गाठ मरत नाही, थबकते. आणि ताईच्या बाबतीत थबकण्याची किंमत मोठी आहे. ती चाळिशीची आहे. आज रेडिएशन दिलं तर काही वर्षांनी त्याचा परिणाम स्मरणावर, विचारांच्या वेगावर, शब्द आठवण्यावर दिसू शकतो, आणि तिचा सगळा व्यवसायच शब्दांचा आहे. रेडिएशन आणि केमो पुढे ढकलता आले तर ती वर्षं ती वर्गात उभी राहू शकते. चाचणीत पुढच्या उपचाराची गरज पडेपर्यंतचा काळही औषधामुळे स्पष्टपणे लांबला होता.

पण याच्या पुढे मी जाणार नाही. रोग थांबण्याचा काळ वाढला म्हणजे आयुष्य वाढलं, असं या चाचणीने अजून दाखवलेलं नाही. फायदा उघड दिसल्यावर चाचणी लवकर खुली केली गेली, आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांना रोग वाढल्यावर औषध घेण्याची मुभा होती. ते न्याय्यच होतं, पण त्यामुळे आयुर्मानाचा निवाडा करणं अवघड होतं. दुसरा प्रश्न मला अधिक सतावतो. आयडीएच बदललेल्या पेशी रेडिएशनला जास्त हळव्या असतात, आणि प्रयोगशाळेतल्या काही प्रयोगांत एन्झाइम रोखल्यावर त्यांचा तो हळवेपणा कमी झालेला दिसला. माणसांत तसं होतं, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ज्यांची मोठी गाठ शिल्लक आहे, फिट्स आटोक्यात येत नाहीत, ग्रेड ३ आहे, अशांनी सिद्ध झालेलं रेडिएशन टाळून गोळीची वाट पाहू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणि किमतीचं बोलायलाच हवं. औषध नवं, पेटंटचं, रोज आणि वर्षानुवर्षं घ्यायचं. शिक्षकाच्या पगारात ते बसत नाही. ज्यांना पगारच नाही त्यांचं तर विचारू नका. टेमोझोलोमाइड एकेकाळी असंच आवाक्याबाहेर होतं, आज भारतीय कंपन्यांची जेनेरिक गोळी जिल्ह्याच्या गावी मिळते. या गोळीच्या बाबतीतही तो दिवस यावा, आणि तोवर सरकारी योजनांनी अशा औषधांचा विचार करावा, असं मनापासून वाटतं.

ताईंची गाठ सर्जनने बरीचशी काढलेली होती. ट्यूमर बोर्डाने तूर्त रेडिएशन न देता ठरावीक अंतराने एमआरआय करायचं ठरवलं, आणि गोळीचा पर्याय घरच्यांपुढे ठेवला. त्या फिटच्या गोळ्या नियमित घेतात आणि पुन्हा शाळेत जायला लागल्या आहेत. हे त्यांच्या भावाने फोनवर कळवलं. त्यांना मी आजवर पाहिलेलं नाही.

या साऱ्यात जो दुवा सर्वांत कच्चा आहे तो औषधाचा नाही, तुकड्याचा आहे. लहान गावांतून अजूनही मेंदूचे तुकडे सलाइनमध्ये येतात. तोवर पेशी कुजलेल्या असतात. तुकड्याच्या दसपट तरी फॉर्मलिन हवं, ते चमचाभर असतं. ब्लॉक उकाड्यात वितळतात, पावसाळ्यात हरवतात. रिपोर्ट एका ओळीचा असतो. एन्झाइम रोखणाऱ्या औषधांची पुढची पिढी येईल तेव्हा कुणाच्या गाठीत कुठला बिघाड आहे, हे आजच्या ब्लॉकमधूनच पाहावं लागणार आहे. तो ब्लॉक रुग्णाच्या शरीराचा भाग आहे आणि उपचारासाठी तो मागण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. देताना कुणी कुरकुर केली तर लेखी अर्ज करा, डॉक्टरांची चिठ्ठी जोडा, पोच घ्या.

घरात कुणाची मेंदूची गाठ काढली असेल तर डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. पॅथॉलॉजीचा पूर्ण रिपोर्ट मागून घ्या, त्यावर ब्लॉकचा नंबर लिहिला आहे का पाहा, आणि रुग्ण पंचावन्नच्या आतला असून तिथे नुसतं 'आयडीएच निगेटिव्ह' असेल, तर सिक्वेन्सिंग झालं आहे का, हे उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा.